विकिपीडियावर खडखड्याचं पान कसं केलं



उत्तरा नक्षत्र चालू आहे, रानात अजून वापसा नाही. पेरणीला चार-सहा दिवस लागतील असं दिसतंय. मागच्या नोंदीखाली दोघातिघांनी विचारलं होतं, "आण्णा, ते विकिपीडियावर लिहायचं काय प्रकरण आहे, नीट सांगा." तर बसल्याबसल्या सांगतो. लांब झालंय, पण सवडीनं वाचा. पेरणीची नोंद पेरणी झाल्यावर येईलच.

आधी थोडं मूळ सांगतो. विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत सुरू झाला. मराठीतला १ मे २००३ पासून आहे, म्हणजे महाराष्ट्र दिनाचाच मुहूर्त. मला वाटायचं हे कुठलीतरी कंपनी नाहीतर सरकारी माणसं पगार घेऊन लिहितात. तसं नाही. तुमच्या-माझ्यासारखी माणसं लिहितात, पगार कुणालाच नाही. पानाच्या वर "संपादन" असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की पान लिहायला उघडतं. हे मला माझ्या पुतणीनं दाखवलं. ती कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मी यात का पडलो ते सांगतो. आमचं रान मंगळवेढा तालुक्यात. इथली ज्वारी म्हणजे मालदांडी. ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेला, आणि २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं नाव, पण दोन वर्षांमागं हलक्या रानातल्या ज्वारीवर खडखड्या आला तेव्हा मी फोनवर मराठीत शोधलं, तर नुसते औषधवाल्यांचे व्हिडिओ. "ही पावडर टाका, आठ दिवसात फरक." रोग कशानं येतो, कुठल्या जमिनीत जास्त येतो, याचं सरळ मराठीत एका जागी काही सापडेना. आता पोरं सगळं फोनलाच विचारतात. फोनला जिथून मिळेल तिथून तो सांगणार. आपल्या कोरडवाहू रब्बीचं तिथं कुणी लिहिलंच नसेल तर उत्तर दुकानदाराचंच येणार. हे मला खटकलं.

दुसरं कारण घरचं. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तीन वर्षांखाली गेले. त्यांच्या तोंडी ज्वारीच्या गूळभेंडी, कुचकुची, दगडी, दूधमोगरा अशा जातींची नावं असायची. बाटूक, बुचाड, पाचुंदा, तिवडा, आगटी हे शब्द तर रोजचेच. माझ्या पोराला यातला पाचुंदा तेवढा माहीत, कारण कडबा विकताना लागतो. तिवडा त्यानं बघितलाच नाही. मळणी यंत्र आल्यावर खळं गेलं, खळ्याबरोबर तिवडा गेला. बरं, हे कुठंतरी लिहिलेलं राहावं असं वाटलं.

आता शिकलो कसं. पुतणीनं आधी खातं काढून दिलं. फोन नंबर, आधार काही लागत नाही, नाव आणि पासवर्ड बास. नाव खरंच पाहिजे असंही नाही. मग तिनं "धूळपाटी" दाखवली. हा शब्द बघून मला बरं वाटलं. आमच्या आधीच्या पिढ्या धूळपाटीवरच अक्षर गिरवायला शिकल्या. इथंही तसंच, सरावाला मोकळं पान. काहीही लिहा, पुसा, कुणी विचारत नाही. आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर मी धूळपाटीवरच होतो.

शिकायच्या खुणा थोड्याच आहेत. एखाद्या शब्दाला दुसऱ्या पानाशी जोडायचं तर दोन्ही बाजूला दोन-दोन चौकोनी कंस टाकायचे. मथळा करायचा तर दोन्हीकडं दोन-दोन बरोबरची चिन्हं. तेही नको असेल तर दुसऱ्या पद्धतीचं संपादन आहे, त्यात वर बटणं असतात. बोलून टाईप केलं तरी चालतं, फक्त फोन कधी कधी "काणी" ला "कहाणी" करतो, ते वाचून घ्यावं लागतं. छापायच्या आधी "झलक" बघायची, आणि खाली "सारांश" च्या चौकटीत काय बदललं ते एका ओळीत लिहायचं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे "इतिहास". प्रत्येक पानाला इतिहास असतो. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठला शब्द बदलला, सगळं नोंदलेलं. आपल्या गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदतात तसंच. फरक एवढाच की इथं कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचंच नाव नाही. पान तुम्ही सुरू केलं तरी ते तुमचं नाही. उद्या दुसरा येऊन बांध सरकवणार, आणि तो चुकीचा सरकवला असेल तर तिसरा येऊन "उलटवा" दाबून परत जागेवर आणणार. इतिहास असल्यामुळं सहसा काही कायमचं बिघडत नाही. म्हणून घाबरायचं कारण नाही.

शब्द पण आपलेच आहेत तिथं. सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या पानाला "चावडी" म्हणतात. ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या यंत्राला "सांगकाम्या". व्यवस्था बघणारे ते "प्रचालक".

सुरुवातीला मी फक्त बारीक कामं केली. गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर ते दुरुस्त कर, कुठं हेक्टर-एकराचा घोळ असेल तर बघ. मग ज्वारीबद्दल खडखड्याच्या चार ओळी लिहिल्या. दाणे भरायच्या वेळी जमिनीतली ओल तुटली आणि ऊन तापलं की हा रोग जोर करतो, ताट बुडातून पोकळ होऊन लोळतं, हलक्या जमिनीत जास्त. दोन दिवसांनी बघतो तर ओळीपुढं कुणीतरी "संदर्भ हवा" असा शिक्का मारलेला.

खरं सांगतो, मला राग आला. बत्तीस वर्षं ज्वारी करतोय, आडवी झालेली ताटं हातानं गोळा केलीत, आणि मला पुरावा मागतोय कोण, तर ज्याला मी ओळखत नाही असा माणूस. पुतणी म्हणाली, "आण्णा, चर्चा पानावर विचारा की सरळ." विचारलं. उत्तर आलं, तेही आदरानं. तुमच्या अनुभवावर शंका नाही, पण वाचणारा तुम्हाला ओळखत नाही. त्याला स्वतः तपासता येईल असं छापील काहीतरी पाहिजे. स्वतःचं निरीक्षण थेट इथं लिहायचं नाही, असा नियम आहे.

त्या रात्री विचार केला. माझ्या शब्दावर ओळ ठेवायची म्हटलं तर दुकानदाराच्या शब्दावर पण ठेवावी लागेल. तोही म्हणेल, माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, ही पावडर टाकली की खडखड्या जातो. मग वाचणाऱ्यानं दोघांतलं खरं कसं ओळखायचं? हे पटलं आणि राग गेला.

मग पुरावा शोधायला लागलो. राहुरी विद्यापीठाची कृषिदर्शनी दरवर्षी निघते, ती घरात होतीच. तालुक्याच्या वाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, त्यात ज्वारीवर नोंद आहे. कृषी खात्याच्या "शेतकरी" मासिकाचे जुने अंक एका मित्राच्या माळ्यावर निघाले. रोगाचं बाकीचं पुतणीच्या पाठ्यपुस्तकात मिळालं. संदर्भात पुस्तकाचं नाव, वर्ष, पान नंबर टाकला, आणि आठवड्यात तो शिक्का निघाला.

तेव्हा ठरवलं, खडखड्यावर वेगळं पानच करायचं. पद्धत अशी की शोधाच्या चौकटीत नाव टाकायचं. पान नसेल तर ते नाव लाल दिसतं, त्याच्यावर दाबलं की कोरं पान उघडतं. मी मजकूर आधी धूळपाटीवर जुळवला आणि मग इकडं आणला. पहिल्या वाक्यात रोग काय ते सरळ सांगायचं. मग कारण. हा मॅक्रोफोमिना फॅसिओलिना नावाच्या बुरशीमुळं होतो. ही बुरशी ज्वारीपुरती नाही, मका, सोयाबीन, तीळ, सूर्यफूल यांनाही धरते. तिचे मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके जमिनीत आणि धसकटात टिकून राहतात. मग लक्षणं, मग उपाय. उपाय म्हणजे ओल टिकवणं, वेळेवर पेरणी, रोपांची दाटी न करणं, नत्र बेतानं देणं, आणि जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण निवडणं. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारीला फुले वसुधा, ही विद्यापीठाचीच शिफारस आहे.

नावावरून थोडी चर्चा झाली. आपण खडखड्या म्हणतो, पुस्तकात काही ठिकाणी खोडकुज म्हणून येतो. त्याला तिथं सोय आहे, "पुनर्निर्देशन" म्हणतात. दुसऱ्या नावानं शोधलं तरी माणूस त्याच पानावर येतो. एका जिल्ह्याचं नाव खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं होत नाही. हे मला फार आवडलं.

फोटोचं सांगतो. ताट उभं चिरलं की आत काळी भुकटी दिसते, तो फोटो मी माझ्याच रानात काढला आणि विकिमीडिया कॉमन्सवर चढवला. पण चढवायच्या आधी समजून घ्या. तिथं टाकलेला फोटो कुणीही वापरू शकतो, धंद्याला पण वापरू शकतो, फक्त तुमचं नाव द्यायचं. पटत असेल तरच टाका. पोराबाळांचे, मजुरांचे तोंड दिसणारे फोटो टाकू नका.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

– कृषिदर्शनीतलं जसंच्या तसं उतरवायचं नाही. प्रताधिकाराचा भंग होतो, पान काढून टाकतात. वाचायचं, मिटवायचं आणि आपल्या शब्दात लिहायचं.

– औषधाचं कंपनीचं नाव, दुकान, स्वतःची शेतकरी कंपनी, यातलं काही लिहायचं नाही. तो जाहिरातीचा फलक नाही.

– गावाचं पान करायचं तर लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून, संदर्भ देऊन. सरपंचांचं कौतुक लिहिलं तर ते कुणीतरी काढणारच, रुसू नका.

– नुसता शब्द आणि अर्थ असेल तर त्याला विक्शनरी नावाची वेगळी जागा आहे. तिवडा, बुचाड तिकडं. मोल्सवर्थचा १८५७ चा शब्दकोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर आहेत. खळ्यातले बरेच शब्द तिथं सापडतात, संदर्भाला चालतात.

आता जे जमलं नाही ते पण सांगतो, कारण खरा प्रश्न तिथंच आहे. दादांच्या सगळ्या गोष्टी छापील नाहीत. आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीत कुठली जात हुरड्याला ठेवायची आणि कुठली भाकरीला, हस्ताचा पाऊस लांबला तर त्यांनी पाभर किती खोल धरली, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. विकिपीडिया ते घेणार नाही, आणि का घेणार नाही ते मला आता कळतं. मी ते वहीत लिहून ठेवलंय, पण वही म्हणजे काही पुस्तक नव्हे.

म्हणून या पानावर जी शास्त्रज्ञ मंडळी, कृषी सहायक, विषयतज्ज्ञ आहेत त्यांना एक विनंती. तुम्ही शिवारफेरीला येता, आमच्याकडून ऐकून घेता, "छान माहिती दिली आण्णा" म्हणता आणि जाता. तसं जाऊ नका. गाव, जमिनीची खोली, साल, वाण असं लिहून घ्या, तपासा, चुकत असेल तर चूक म्हणा, पण कुठंतरी छापा. मासिकात छापा, केंद्राच्या पुस्तिकेत छापा. तुम्ही छापलंत की आम्ही संदर्भ देऊन ते सगळ्यांसाठी ठेवू शकतो. हे काम आमच्यानं एकट्यानं होत नाही. म्हातारी माणसं थोडी राहिलीत.

शेतकरी मित्रांना एवढंच, या पंधरवड्यात एक खातं काढा आणि आपल्या गावाच्या किंवा आपल्या पिकाच्या पानावर एक बदल करा. अडलं तर इथं खाली विचारा, मला येत असेल ते सांगीन, नाहीतर पुतणीला विचारून सांगीन. कुणाकडं "शेतकरी" मासिकाचे १९९० च्या आधीचे अंक असतील तर कळवा, मी येऊन फोटो काढून नेतो, अंक तुमच्याकडंच राहतील.

बियाणं आणून ठेवलंय, एकरी चार किलो. पेरायच्या आदल्या दिवशी काणीसाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं विसरू नका.