तिसऱ्या पाण्याचा चहा

चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला चाओझोउ हे जुने शहर आहे. तिथे भांड्यात एकदा घातलेल्या पत्तीवर सात-आठ वेळा, चांगली पत्ती असेल तर त्याहूनही जास्त वेळा, उकळते पाणी ओततात आणि दर खेपेचा चहा चवीने पितात. या पद्धतीला गोंगफू चहा म्हणतात. घरात आणि दुकानात चहाचे ताट कायम मांडलेले असते. मूल कळते होण्याआधीच मोठ्यांच्या शेजारी बसून इवल्याशा पेल्यातून चहा पिऊ लागते, लग्नात नवी सून सासूसासऱ्यांना चहा देते आणि म्हातारपणीही दिवस त्याच ताटाशी सुरू होतो. माणसाला जन्मभर अशी सोबत करणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात.

चहा नुसता भिजवून पिणे हे चीनमध्येही मागाहून रूढ झाले. तांग काळात चहाच्या वड्या कुटून पाण्यात उकळत. सोंग काळात त्याची बारीक पूड गरम पाण्यात घुसळत. 1391 मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने दरबारासाठी नजराण्यात वड्यांऐवजी सुटी पत्ती घ्यायला सुरुवात केली. पूड पाण्याबरोबर पोटात जाते, तिला दुसरे पाणी कुठून असणार? अखंड पत्ती भांड्यात उरू लागली, तेव्हाच तिच्यावर पुन्हा पाणी ओतता येऊ लागले.

चाओझोउची लाडकी पत्ती म्हणजे जवळच्या फंगह्वांग डोंगरावरचा दानत्सोंग. हा अर्धवट ऑक्सिडीकरण केलेला उलोंग चहा. पत्ती लांब, पिळदार, काळपट. गंध कधी ऑर्किडचा आणि मधाचा, कधी गार्डेनियाच्या फुलाचा. सुमारे 100 मिलिलिटरच्या झाकणाच्या पेल्यात किंवा लाल मातीच्या चहादाणीत 7-8 ग्रॅम पत्ती घालतात, म्हणजे भांडे पत्तीनेच जवळजवळ भरते. पहिले पाणी ओतून लगेच काढून टाकतात. त्याने पेले तापतात आणि पत्ती ओली होऊन सैल पडते. या धुण्यात सगळे कॅफिन निघून जाते, हा समज मात्र चुकीचा आहे; इतक्या कमी वेळात त्याचा थोडाच अंश पाण्यात उतरतो.

सगळे कौशल्य ओतण्यात आहे. तीन पेले एकमेकांना चिकटून ठेवतात आणि चहादाणीची तोटी त्यांच्यावरून गोल गोल फिरवतात, म्हणजे कुणाचा चहा कडक आणि कुणाचा फिका होत नाही. याला ‘ग्वान गोंगची शहराभोवती गस्त’ म्हणतात. मग तळाचे थेंब एकेका पेल्यात टिपतात. ते ‘हान शिनची सैनिकांची मोजणी’. दोघेही चीनच्या इतिहासातले नामांकित सेनापती. हे शेवटचे थेंब सर्वांत दाट असतात. ते भांड्यात राहिले तर पत्ती त्यातच भिजत राहते आणि पुढचे पाणी कडू होते. म्हणून दोन पाण्यांच्या मधे भांडे पूर्ण निथळलेले हवे. पत्ती कितीही महाग असली, तरी एवढी काळजी घेतली नाही तर ती वाया जाते.

पहिल्या पाण्यांना काही सेकंद पुरतात, कारण गंध आणि कॅफिन लवकर उतरतात. मोठ्या रेणूंचे तुरट पदार्थ सावकाश येतात आणि पिळलेली पत्तीही हळूहळूच उलगडते. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला गंध अजून टिकलेला असतो आणि चवीला भरीवपणा आलेला असतो. दानत्सोंगचा खरा चहा तोच. पुढे दर वेळी वेळ वाढवत जावे लागते. रंग उतरतो, तुरटपणा ओसरतो आणि मागे हलकी गोडी राहते.

मधेच नवा पाहुणा आला, तर पत्तीत कितीही जीव उरला असो, यजमान ती काढून ताजी पत्ती घालतो. दुसऱ्यांनी पिऊन झालेली पत्ती नव्या माणसापुढे ठेवणे तिथे अपमानाचे मानतात.

महाराष्ट्रात घरोघरी जो दाणेदार चहा येतो, तो या कामाचा नाही. 1930 च्या सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्रात पान चिरडून, फाडून त्याचे गोळीदार दाणे होतात. आले, साखर, दूध घालून उकळले की हे दाणे आपला सगळा अर्क एकदम सोडतात आणि गाळणीत चोथा उरतो. कडक चहासाठी ते उत्तमच, पण दुसऱ्या उकळीला त्यात काही राहत नाही. घरी करून पाहायचे असेल तर अखंड पानांचा उलोंग किंवा दार्जिलिंग घ्यावा; दार्जिलिंगला दोन-तीन पाणी निघतात, उलोंगला जास्त. भांडे लहान घ्यावे, दूध घालू नये आणि दर वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्यावे. रात्रभर ओली राहिलेली पत्ती मात्र सकाळी वापरू नये. ओलाव्यात तिला बुरशी धरते.