थेम्सकाठी बिनफीचे जॅझ

लंडनला गेलेला आपला माणूस आधी किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर गाठतो. 1921-22 साली बाबासाहेब तिथे राहत होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. आम्हीही प्रथम तिथेच गेलो. परंतु घर पाहून लगेच माघारी फिरू नये, असे आमचे वाचकांना सांगणे आहे. तिथून अर्धा तास चालले की कॅम्डेन भाग लागतो. तिथल्या पार्कवे रस्त्यावर, बँकेच्या जुन्या इमारतीत 'जॅझ कॅफे' नावाचे संगीतगृह आहे.

जॅझ हे अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत जन्मलेले संगीत. पुढे ते मोठ्या हॉटेलांत गेले, तिकीट महाग झाले आणि ज्यांचे संगीत तेच दाराबाहेर राहिले! लंडनमध्येही तेच. 1948 साली 'विंड्रश' बोटीने आणि नंतरच्या बोटींनी वेस्ट इंडीजमधून माणसे आली. त्यांनी रेल्वेत, बसवर, इस्पितळांत कष्ट केले. मुलांना सॅक्सोफोन शिकवायचा तर वाद्याची किंमत आणि मास्तरांची फी कुठून आणायची?

याच पिढीच्या घरातले बासवादक गॅरी क्रॉस्बी. त्यांनी जॅझ कॅफेत नवोदितांसाठी 'जॅम सेशन' चालवले. जॅम सेशन म्हणजे काय? आपल्या गायन पार्टीत नाही का, उस्ताद ढोलकीवाला जरा बाजूला सरकतो आणि मागे बसलेल्या पोराला म्हणतो, "घे, वाजव!" तसेच. चुकले तर जाणते सांभाळून घेतात, आणि समोर खरे श्रोते असतात. घरात बंद दाराआड दहा वर्षे वाजवून जे येत नाही ते इथे येते, असे आमचे मत आहे. त्यातूनच 1991 साली क्रॉस्बी व जॅनीन आयर्न्स यांनी 'टुमॉरोज वॉरियर्स', म्हणजे उद्याचे लढवय्ये, ही संस्था उभी केली.

कॅम्डेनहून ट्यूबच्या काळ्या लाइनने वॉटर्लूला उतरलो की नदीकाठी साउथबँक सेंटर. संस्थेचे वर्ग आता इथे भरतात. 11 ते 25 वर्षांच्या मुलामुलींना फी नाही. काळ्या घरांतली मुले, मुली आणि ज्यांना परवडत नाही अशांकडे विशेष लक्ष. मुलींचा वेगळा संचही आहे. सॅक्सोफोन पुरुषाचे वाद्य, ही समजूत तिथेही होतीच की! नुबाया गार्सिया ही आजची नामवंत सॅक्सोफोनवादक याच संस्थेतली.

साउथबँकमधला रॉयल फेस्टिव्हल हॉल 1951 चा. आत सुमारे 2,700 खुर्च्या, तिकिटे अर्थात महाग. पण 1983 साली तेव्हाच्या लंडन महापालिकेने त्याचे प्रशस्त दालन दिवसभर सर्वांसाठी उघडले. कुणी तिकीट विचारत नाही. या दालनात फुकट कार्यक्रम होतात आणि तिथे वॉरियर्सची मुलेही वाजवत आली आहेत. बाबागाडीतले बाळ, म्हातारी माणसे, कामावरून परतणारे, सगळे उभे राहून ऐकतात. एका हुकमाने दार उघडले, तेवढ्याने किती घडते ते इथे दिसते.

दार बंद करणारे हुकूमही याच शहरात निघाले. 2005 पासून लंडन पोलीस कार्यक्रमवाल्यांकडून '696' क्रमांकाचा फॉर्म भरून घेत. संगीत कोणत्या प्रकारचे, आणि सुरुवातीला तर श्रोते कोणत्या वंशाचे, हेही त्यात विचारलेले असे. त्याचा जाच काळ्यांच्या संगीताला जास्त झाला. बराच गाजावाजा झाल्यावर 2017 साली तो रद्द झाला.

2018 साली क्रॉस्बींना राणीचे संगीत पदक मिळाले. जॅझवाल्याला ते प्रथमच. 2023 साली 'एझ्रा कलेक्टिव्ह' या पाच जणांच्या संचाने मर्क्युरी पुरस्कार जिंकला. जॅझला तोही पहिलाच. हे पाचही जण वॉरियर्सच्या वर्गांत वाढलेले. पुरस्कार घेताना ड्रमवादक फेमी कोलेओसो यांनी श्रेय दिले ते तरुणांच्या संगीतासाठी वेळ आणि श्रम वेचणाऱ्या माणसांना.

लंडनला कुणाचा मुलगा शिकायला असेल, मुलगी नर्स असेल, त्यांना हा पत्ता जरूर कळवा. एम्बँकमेंट स्टेशनवरून पायपुलाने नदी ओलांडली की समोरच हॉल. ऐकायला पैसे पडत नाहीत. चहा मात्र फार महाग. थर्मास घरूनच न्यावा.