उत्तम आर्जव आणि सांगलीची स्पर्धा



२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. समोर आपलीच कोनेरू हंपी होती. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्या १.५-०.५ अशी जिंकली. वय वर्षं १९! त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी आणि भारतीय बायकांत चौथी. डाव संपल्यावर तिला रडू आवरेना, आईला तिने घट्ट मिठी मारली. तुम्हीही मोबाइलवर ते पाहिलं असेल. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघवेना. त्याचं कारण आज लिहिणार आहे.

आमच्या घरात बुद्धिबळ आणलं ते ह्यांनी. पेढीवरून आले की लेकीला समोर बसवायचे आणि पट मांडायचे. सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं. सप्तव्यसनांत पहिलं व्यसन द्यूत, आणि पट म्हणजे जुगारच अशी त्यांची समजूत. ह्यांनी शांतपणे सांगितलं, "यात फासा नाही, पैसा नाही, नशीब नाही. नुसता विचार आहे." मग त्यांनी एकच अट घातली. आमच्याकडे भाजीसुद्धा 'काप' म्हणत नाहीत, 'समार' म्हणतात. तेव्हा "हत्ती मारला, घोडा मारला" असं या घरात बोलायचं नाही. म्हणून माझी लेक "हत्ती घेतला" म्हणायला शिकली. अजूनही तसंच म्हणते.

१९९६ साली ती तेरा वर्षांची होती. शाळेच्या स्पर्धांत मोठ्या मुलांना हरवायची. तिच्या सरांनी सुचवलं, मे महिन्यात हिला सांगलीला खेळायला पाठवा. बुद्धिबळात सांगलीचं नाव तेव्हाही मोठं होतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, मुलींना खेळायला शिकवलं. भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. त्याही आधी मुंबईच्या तिघी खाडिलकर बहिणी होत्या. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, तेराव्याच वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि त्यावरून वाद झाला. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निकाल दिला की मुलींना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे सगळं लेकीला तोंडपाठ होतं. वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवून ठेवायची.

मी नाही म्हणाले. वरवरचं कारण जेवणाचं: चार-पाच दिवस परगावी, रात्रीचं जेवण नाही, कंदमुळं नाहीत, कसं होणार? खरं तर सांगली म्हणजे आपल्या समाजाचं माहेरघर. माझी चुलत नणंद तिथे राहत होती, मंदिराला लागूनच घर. सूर्यास्ताआधी गरम ताट मिळालं असतं. मला भीती होती ती लोकांची. वयात येणारी मुलगी, मुलांबरोबर तासन् तास समोरासमोर बसणार, चार बायका काय म्हणतील? शिवाय उन्हाळ्यातली पापड-कुरडयांची कामं, हाताखाली ती हवी होती. हेही खोटं नाही.

पण तिच्या तोंडावर नाही म्हणायचं धाडस झालं नाही. मी म्हणाले, "तुझे बाबा नको म्हणतात."

मैत्रिणींनो, मी ह्यांना विचारलंच नव्हतं.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी ह्यांनी पट मांडला तर म्हणाली, अभ्यास आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. हे मला म्हणाले, "पोरीचं मन उडालं वाटतं." मी मान हलवली. पट माळ्यावर गेला. पुढे ती शिकली, सी.ए. झाली, पुण्याला संसाराला लागली. बाबांशी नीट वागायची, पण पूर्वीचं मोकळेपण राहिलं नव्हतं. आपल्याला बाबांनी अडवलं, हे तिच्या मनात होतं. आपण काय केलं, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. हे जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी बी.कॉम. आहे. जमाखर्चात खोटी नोंद एकदा झाली की पुढची प्रत्येक बाकी चुकत जाते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. घरात मात्र ती नोंद मी अठ्ठावीस वर्षं तशीच पुढे ओढली.

आता माझी नात दहा वर्षांची आहे आणि तीही खेळते. तिच्यामुळे मला पुन्हा हे जग कळलं. दिव्याचा प्रवास तीच मला सांगते. आई-वडील दोघे डॉक्टर, मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची, आणि ही पटाकडे वळली. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला दहा वर्षांखालील मुलींची जगज्जेती. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील, अकरापैकी दहा गुण. मी हिशेब करत बसते. डर्बनला गेली तेव्हा ती पोर नऊच वर्षांची नव्हती पूर्ण! कोणीतरी आई पिशवी भरून सोबत गेली असेल, हॉलच्या दाराबाहेर तासन् तास बसली असेल. अशा स्पर्धांत फेरी सुरू झाली की पालकांना आत थांबता येत नाही. लेकरू हसत बाहेर येतंय की रडत, एवढंच बघायचं.

२०२४ मध्ये आपलं दशलक्षण पर्व आणि बुडापेस्टचं ऑलिंपियाड एकाच वेळी आलं. आर्जव धर्माच्या दिवशी मंदिरात प्रवचन झालं. मनात एक, वाणीत दुसरं, करणीत तिसरं, याचंच नाव माया-कषाय. मी मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ऑलिंपियाडच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिकडे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे साडेसहा. सूर्यास्ताआधी जेवण उरकून मी इकडे आणि नात पुण्यात, फोन लावून एकत्र बघायचो. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका, तानिया, आणि कर्णधार आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी मीही सगळ्यांसारखा निरोप पाठवला, "कळत नकळत काही चुकलं असल्यास उत्तम क्षमा." दोनशे जणांना गेला. लेकीलाही गेला. तिचा हात जोडलेला अंगठाएवढा चित्र-निरोप परत आला. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. नकळत? काय नकळत होतं त्यात?

मी फोन लावला आणि सांगून टाकलं. बाबांना मी विचारलंच नव्हतं, सांगलीला मीच पाठवलं नाही. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "आई, स्पर्धेचं जाऊ दे. खेळून मी काही मोठी झाले असते असं नाही. पण मी बाबांबरोबर परत कधी पट मांडला नाही गं." आणि फोन ठेवला.

चार दिवस ती बोलली नाही. त्या चार दिवसांत आपल्या मुली पोलंडकडून हरल्या, अमेरिकेशी बरोबरीत राहिल्या, मग चीनवर निसटत्या फरकाने जिंकल्या. त्या सामन्यात निकाली डाव एकच, तो दिव्याने जिंकला. २२ सप्टेंबरला अझरबैजानला हरवून त्यांनी सुवर्ण घेतलं, मुलग्यांनीही घेतलं. तिसऱ्या पटावर दिव्याला वैयक्तिक सुवर्ण, चौथ्या पटावर वंतिकाला. त्या संध्याकाळी लेकीचाच फोन आला. "बघितलंस?" एवढंच. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, अजूनही म्हणालेली नाही. मीही विचारत नाही. क्षमा मागणं आपल्या हातात असतं, मिळणं समोरच्याच्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती सोलापूरला आली तेव्हा माळ्यावर चढली. पट उतरवला, पुसला. एक काळं प्यादं हरवलं होतं, तिथे सुपारी ठेवली आणि नातीला म्हणाली, "हे आजोबांचं आहे, जपून."

या दिवाळीत नातीची बाहेरगावी पाच दिवसांची स्पर्धा आहे. लेकीला ऑफिसातून रजा नाही. तिने मला विचारलं, "आई, तू जाशील तिच्याबरोबर?" मी लगेच हो म्हणाले. आपल्या बायकांची पहिली शंका जेवणाची असते, म्हणून सांगते: आपली सोलापूरची कडक भाकरी आठवडाभर टिकते. सोबत लसूण न घातलेली शेंगाचटणी, खाकरे, मेथीच्या पुऱ्या. दुपारची फेरी चार-चार तास चालते, तेव्हा संध्याकाळचा डबा हॉलच्या दारातच तयार ठेवायचा, सूर्यास्ताआधी बाहेर आली तर दोन घास होतात. नाही आली तर नुसतं पाणीही नाही, असं मी तिच्यावर लादणार नाही. नियम तिला ठाऊक आहेत. कोणता, किती पाळायचा ते तिने आणि तिच्या आईने ठरवलंय. मी दारात बसेन.

पर्युषण दारात आलंय. दोनशे जणांना निरोप जरूर पाठवा. पण त्याआधी एका माणसाला फोन करा, ज्याचं नाव वाचताना आत्ता तुमच्या पोटात कालवलं असेल. माझी एक माफी मागायची राहूनच गेली, ह्यांची. ती आता देवासमोर मागते.

उत्तम क्षमा.