हराळी

असोद्याच्या शिवारात ज्याचा जन्म गेला त्यास हराळी म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. भरताच्या वांग्यांसाठी आमचे गाव नावाजलेले आहे आणि बहिणाबाईंचे माहेर म्हणून मराठी वाचकांस ते ठाऊक आहे. परंतु ज्या काळ्या मातीत वांगी पिकतात तिच्यात हराळीही तितक्याच निष्ठेने उगवते. वरून कापावी तर आठ दिवसांत पुन्हा हिरवी. खणून काढावी तर मातीत राहिलेल्या बोटभर कांडीपासून पुन्हा पसरलेली. ह्या तृणाशी आमचा आयुष्यभराचा परिचय. तरीही त्याच स्वभावाचे काही आमच्या देहात वाढत आहे हे कळण्यास रक्ततपासणीचा एक कागद लागला.

मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची एक लहानशी ग्रंथी असते. तिला कर्करोग झाल्याचे निष्पन्न होऊन काही वर्षांपूर्वी आमची ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्यात आली. प्रकरण संपले अशा समजुतीने आम्ही आप्तेष्टांस भरीत-पुरीची पंगतही घातली. ग्रंथी गेल्यानंतर रक्तातील पी. एस. ए. नावाचे द्रव्य जवळजवळ शून्यावर यावे लागते. ते ०.२ च्या वर जाऊन पुन्हा तपासणीतही तसेच आढळले, म्हणजे रोग परतला असे समजतात. आमचा आकडा ती मर्यादा ओलांडून बराच पुढे गेला होता. अंगात दुखणे नाही, भुकेत उणे नाही, आणि कागद म्हणतो की शत्रू आत आहे! मनुष्याचा स्वतःच्या प्रकृतीवरील विश्वास उडावयास इतके पुरे होते.

ह्या रोगावरील जुना उपाय म्हणजे त्याचे अन्न तोडणे. १९४१ साली शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस ह्यांनी दाखवून दिले की, पुरुषाचे वृषण काढले किंवा त्यास स्त्रीसंप्रेरक दिले, तर प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग मागे हटतो. कारण त्याचे पोषण पुरुषसंप्रेरकावर होते. हगिन्स ह्यांस पुढे १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेही १९४१ सालीच. आज शस्त्रक्रियेच्या जागी बहुधा सुई टोचतात, परंतु तत्त्व तेच आहे. त्यातील उणीवही तीच राहिली आहे. उपाशी ठेवलेला रोग काही काळ निपचित पडतो, आणि मग त्यातील काही पेशी उपाशी जगावयास शिकतात.

दुसरा उपाय नवा आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन विपुल असते. त्यास जाऊन चिकटेल अशा द्रव्यास किरणोत्सर्गी गॅलियम जोडून ते शिरेत सोडतात, आणि मग पेट नावाच्या यंत्रात त्या पेशी जेथे दडल्या असतील ती ठिकाणे उजळून दिसतात. आमच्या चित्रात असे दोन ठिपके उमटले. एक ओटीपोटातील लसिकाग्रंथीत, दुसरा कमरेच्या हाडात. अशा मोजक्या ठिपक्यांवर नेम धरून, थोड्याच बैठकांत, प्रखर किरणांचा मारा करता येतो. ह्यातही उणीव आहेच. यंत्रास दिसते तेवढेच जळते. जे अद्याप दिसण्याइतके मोठे झालेले नाही ते सुटते.

मग दोन्ही उपाय एकत्र का करू नयेत? हा प्रश्न दोन बाजूंनी तपासून झाला आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे ८७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाचांहून अधिक ठिपके नसलेल्या रुग्णांपैकी काहींस केवळ संप्रेरकरोधक औषध दिले, तर काहींस त्याच्या जोडीस नेमके किरण दिले. सहा महिन्यांनी औषध थांबवावयाचे असे ठरले होते. केवळ औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा रोग सुमारे १६ महिन्यांत पुढे सरकला. जोडउपाय घेणाऱ्यांत प्रयोगाच्या निरीक्षणकाळापर्यंत निम्म्यांवर ती वेळ आलीच नव्हती. इटलीतील प्रयोगाने हाच प्रश्न उलट बाजूने विचारला. तेथे किरण सर्वांस दिले आणि काहींस जोडीला सहा महिने संप्रेरकरोधक औषध दिले. २०२५ साली आलेला त्याचा निष्कर्ष असा की, रोग थोपून राहण्याचा मध्यम काळ १५ महिन्यांवरून ३२ महिन्यांवर गेला. ह्यांतून आयुष्याची दोरी लांबते असे सिद्ध झालेले नाही. रोगाची चाल मंदावते एवढे झाले आहे.

आमच्या डॉक्टरांनी हे सारे सांगितले तेव्हा आम्ही एकच विचारले, “सहा महिने म्हणजे सहाच ना?” ते म्हणाले, “काका, सहाच.” हा प्रश्न भ्यालेल्या माणसाचा होता हे कबूल केले पाहिजे. पुरुषसंप्रेरक तोडले म्हणजे केवळ रोग उपाशी राहत नाही, सारा देहच उपाशी राहतो. स्नायू सैल पडतात, हाडे विरळ होऊ लागतात, वासना मावळते, मन उगाच भरून येते. दिवाळीनंतर पहिली सुई टोचली, किरणांच्या बैठका झाल्या, आणि पौषाच्या थंडीत आमच्या अंगातून वाफा निघू लागल्या. एका रात्री आम्ही घामाघूम होऊन अंगणात बसलो असता आमची मंडळी उठून आली. आम्ही लाजेने सबबी सांगू लागलो. ती म्हणाली, “मला हे झालं तेव्हा तुम्ही घोरत होते.” एवढे बोलून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शेजारी बसली. चाळीस वर्षांच्या संसारात जे आम्हांस दिसले नव्हते ते त्या रात्री दिसले; आणि पौरुष गेले म्हणून जे दुःख आम्ही कवटाळले होते त्याची आम्हांसच थोडी लाज वाटली.

वैशाखात शेतावर गेलो. बांधाकडचा तुकडा हराळीने व्यापला होता. आम्ही कुदळ मागितली तेव्हा आमचा जुना सालदार हसला. “भाऊ, नुसतं खंदून हरायी जात नही. वावर नांगरून तापू द्या, मंग येचा.” त्यास हगिन्स ठाऊक नाही, इटलीही ठाऊक नाही. परंतु नुसते तापवून खोलची कांडी मरत नाही आणि नुसते वेचून बारीक तुकडे हाती लागत नाहीत, हे तो जाणतो. आणखी एक गोष्ट तो जाणतो, ती आम्हांस उशिरा कळली. वावर कायमचे तापत ठेवता येत नाही. त्यात पीकही घ्यावयाचे असते.

सहा महिने संपले. आकडा खाली गेला आहे आणि सुई बंद झाली आहे. देहातील संप्रेरक हळूहळू परतत आहे. पायांत बळ आल्याचा भास होतो, कदाचित तो भास नसेलही. मृगाचा पाऊस आला म्हणजे वावर हिरवे होते. ती हिरवळ पिकाची की हराळीची, हे पहिल्या आठ दिवसांत कोणा शेतकऱ्यास सांगता येत नाही. म्हणून का कोणी पाऊस नको म्हणतो? श्रावणात पुन्हा रक्त द्यावयाचे आहे. तोपर्यंत रोज सकाळी बांधापर्यंत चालत जावे आणि वांग्यांस पाणी द्यावे असा आमचा क्रम आहे. मंडळीही सोबत येते.