मधल्या पायऱ्या

आमच्या मेहकर तालुक्यात या दुखण्याला मिरगी म्हणतात, शिकलेले लोक फिट म्हणतात आणि पुस्तकात त्याला अपस्मार हे नाव आहे. स्मृती निघून जाणे, असा त्या शब्दाचा अर्थ. ही व्याख्या चरकसंहितेत आहे हे समजलं, तेव्हा त्या प्राचीन वैद्यांच्या नजरेचं नवल वाटलं. लोकांना दिसतो तो तोंडाचा फेस आणि आखडलेले हातपाय. मग कोणी कांदा शोधतं, कोणी चप्पल काढतं. (त्याचा उपयोग नसतो. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखाना गाठावा.) बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत सरतात. स्मृतीचं काय होतं, ते मात्र कोणी विचारत नाही.

माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. लिहू का, म्हणून त्यालाच विचारलं. "नाव नको लिहू, बाकी लिहून टाक," म्हणाला. मोठी आकडी त्याला क्वचितच येते. लहान झटके मात्र दिवसातून कितीदा तरी येत. बोलता बोलता नजर थिजायची, पापण्या फडफडायच्या, दहा-पंधरा सेकंद तो तिथं नसायचा. मग काही झालंच नाही असा पुढं बोलू लागायचा. फळ्यावर गणित चालू असताना असं झालं, की मधल्या दोन पायऱ्या त्याच्यापुरत्या पुसल्या जात. "लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणून एका गुरुजींनी त्याला किती वेळा बाकावर उभं केलं, त्याचा हिशेब नाही. घरीही तो विसराळू ठरला. पण जे डोक्यात शिरलंच नाही, ते विसरणार तरी कसं?

आजीनं त्याला दोनदा सैलानीला नेलं. मी तिला दोष देत नाही. डॉक्टरकडे चला म्हणणारं तेव्हा घरात कोणी नव्हतं. पुढं अकोल्याला मेंदूचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके पुष्कळ कमी झाले. गोळ्यांची थोडी गुंगी राहते, त्यानंही लक्ष मंदावतं. म्हणून त्या सोडायच्या नसतात. मनानं गोळी बंद केली, तर मोठी आकडी येण्याची भीती असते.

याच सुमारास मी हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाविषयी वाचलं. आकड्या थांबाव्यात म्हणून 1953 साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग शस्त्रक्रियेनं बराचसा काढला. आकड्या कमी झाल्या, पण नवी आठवण धरून ठेवणंच बंद झालं. 2008 साली तो वारला, तोवर भेटलेला माणूस थोड्या वेळानं त्याला पुन्हा नवाच. ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती! म्हणजे स्मृती ही एकच एक कोठी नव्हे. एक दार बंद असलं, तर दुसरं लोटून पाहता येतं.

आम्ही तेच करतो. एका बैठकीला पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एक परिच्छेद झाला की तो मला आपल्या शब्दांत सांगतो. मध्ये झटका येऊन गेला असेल, तर गाळलेली जागा तिथंच सापडते आणि तिथंच भरता येते. तेच मी संध्याकाळी विचारते, दुसऱ्या दिवशी विचारते, मग चार दिवसांनी, पुस्तक मिटून. मोठ्यानं म्हणणं आजोबांकडून घेतलं. ते तिसरीपर्यंतच शिकले, पण पावकी-दिडकी अजून तालावर म्हणतात. परीक्षा आली की मुलांना पहाटे चारला उठवायची आपल्याकडे रीत आहे. ती आम्ही मोडली. जागरणानं आकडी येऊ शकते, शिवाय वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.

या शिकवणीनं आकडी थांबत नाही, आणि स्मरणशक्ती काही दंडाच्या बेटकुळीसारखी फुगत नाही. वाट तेवढी सापडते.

आई मात्र घाबरते. "कायले लिहितं हे? उद्या तुले पाहाले पाहुने येतीन." हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 सालीच काढला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पाहुण्यांना सांग. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी या आजाराच्या लोकांसाठी 'संवेदना' हा आधारगट काढला. त्यांना स्वतःलाही हा आजार होता. तसं उघड बोलणारं आमच्याकडे कोणी निघायला अजून वेळ आहे.

सध्या इतिहास चालू आहे. शिवरायांचं अष्टप्रधान मंडळ त्याला पाठ होईना, म्हणून आठही जण आम्ही शाळेच्या वाटेवर बसवले. राजाची रोजनिशी ठेवणारा मंत्री आमच्या ओट्यावर, हिशेबाचे अमात्य किराणा दुकानात उधारीची वही घेऊन, पत्रं तपासणारे सचिव टपालपेटीशी, सेनापती तालमीत, पंडितराव देवळात, न्यायाधीश ग्रामपंचायतीत, पेशवे शाळेच्या फाटकात. परराज्यांचा व्यवहार पाहणारे सुमंत एस.टी.च्या थांब्यावर होते. परवा रस्ता रुंद करताना तो थांबा पाडला. मी म्हटलं, आता सुमंत विसरणार. तर त्यानं त्यांना शेजारच्या चहाच्या टपरीत बसवलंय.