पाव रेसवरचा मुक्काम

कॅमचा स्वभाव एकदाच घडतो. वॉल्व कधी उघडायचा, किती उचलायचा, कधी मिटायचा, हे त्याच्या उंचवट्याच्या वळणात घासून कायमचं ठरलेलं असतं. गाडी कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या गर्दीतून रांगत असो की हायवेला सुटलेली असो, तो आपलं म्हणणं सोडत नाही. नमतं घ्यायचं ते बाकीच्यांनी: कार्बोरेटरने, पॉइंटने, टॅपेटने आणि शेवटी चालवणाऱ्याच्या मनगटाने.

माझी बुलेट जुन्या, कास्ट आयर्न इंजिनाची. 346 सीसी, सिलिंडर 70 मिलीमीटर रुंद आणि पिस्टनची चाल 90 मिलीमीटर. लांब ढांगा टाकणारं, घाई न सोसणारं इंजिन. उजवीकडचं टायमिंग कव्हर उतरवलं की दातेरी चाकांची रांग दिसते. त्यांत दोन कॅमची, एक इनटेकचा, एक एक्झॉस्टचा. चाकांवर बारीक ठिपके असतात. ठिपक्यासमोर ठिपका आला की टायमिंग बसलं. अशा शांत जिवाला रेसिंग कॅम घालणं शहाणपणाचं आहे का, हे मला कुणी विचारू नये. घाटात तिसऱ्या गिअरला गाडी दम टाकायची, ते मला सोसत नव्हतं, एवढंच.

रेसिंग कॅम वॉल्व जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. एक्झॉस्ट पुरता मिटायच्या आत इनटेक उघडलेला असतो, आणि दोन्ही दारं एकदम उघडी असण्याचा हा काळ या कॅमने लांबतो. क्रँक 4000 आरपीएमला फिरत असेल तर कॅम त्याच्या निम्म्याने, म्हणजे सेकंदाला 33 फेऱ्या. त्या धावपळीत बाहेर सुटलेला धूर मागून ताजी हवा ओढून घेतो, आणि पिस्टन वर निघाला तरी आत शिरणाऱ्या हवेचा रेटा थांबत नाही. सिलिंडर तुडुंब भरतो. स्लोवर मात्र सगळं उलटं. रेटाच नसतो, त्यामुळे जळका धूर इनटेकच्या तोंडात मागे शिरतो आणि आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. वर जे मिळालं ते खालून काढून घेतलेलं असतं. बुलेटची ती जुनी, सावकाश डुगडुगही हवी आणि हायवेला उडीही हवी, असं म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला उद्यमनगरातले आमचे मिस्त्री माझ्यासमोर म्हणाले, “दोन्ही पायजे असंल तर दोन गाड्या घ्या की ओ साहेब.”

याच मिस्त्रींनी हेड बसवण्याआधी पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली मऊ माती थापली, हेड वर ठेवून इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवलं, आणि हेड परत उचलून मातीत उमटलेले वॉल्वचे ठसे ब्लेडने कापून मोजले. वॉल्व जास्त खाली येणार म्हटल्यावर पिस्टनशी गाठ पडता कामा नये. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिलीमीटर तरी जागा हवी, असा रिवाज. स्प्रिंगची वेटोळी पूर्ण दाबाला एकमेकांवर बसत नाहीत ना, तेही पाहिलं. या कामात कसलाही आवाज नसतो, म्हणून पुष्कळ जण ते टाळतात.

मग टॅपेट. इंजिन गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी अगदी वर, दोन्ही वॉल्व मिटलेले. छोटं झाकण काढून पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरायचा. तो बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली तसूभरही हलता कामा नये. या दोन्हींच्या मधली जागा इतकी अरुंद असते की ती डोळ्याला दिसत नाही. पान्याचा जरा जास्त झटका, की रॉड जखडतो. जरा सैल, की टकटक. मिस्त्री तेलकट बोटांनी फिरवतात, थांबतात, लॉकनट आवळतात आणि पुन्हा फिरवून बघतात, कारण आवळताना माप सरकतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी स्लोवर सोडायची नाही. नव्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळव्यांना तेल पोचून ते एकमेकांना घासून बसेपर्यंत मधली रेस धरून ठेवायची. त्यानंतर स्लोला आली तेव्हा ती अडखळतच आली. धुरात मिसळलेला माल सावकाश जळतो, म्हणून पॉइंटची प्लेट किंचित ॲडव्हान्सकडे सरकवली. कार्बोरेटरची ओढही कमी झालेली, म्हणून पायलट जेट एक नंबर मोठा, स्लो थोडा चढा.

पुढे सगळेजण मेन जेटच्या मागे लागतात. फुल रेस द्यायची, क्लच दाबून चावी बंद करायची, कडेला थांबून प्लग काढायचा, आतली चिनी मातीची नळी बिस्किटाच्या रंगाची आहे का बघायची. कागलच्या अलीकडे मीही हे केलं आणि प्लग हातात चांगलाच भाजला. पण मेन जेटचा अंमल पाऊण रेसच्या पुढे. तिथे आपण किती वेळ असतो? अख्खं आयुष्य पाव रेसवर जातं: रिक्षाच्या मागे, दूधवाल्याच्या शेजारी, शाळा सुटल्यावर. तिथे स्लाइडचा काप आणि निडल यांचं राज्य. निडलची क्लिप एक घर खाली घेतली, निडल तेवढी वर आली, आणि मधल्या रेसचं गुदमरणं गेलं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, आंबोली 700 च्या आसपास. आजऱ्यावरून चढताना तिसऱ्या गिअरला गाडीने लोड असा घेतला की मी उगाच हसलो. घाट उतरून सावंतवाडीला आलो तर हवा सहा-सात टक्क्यांनी दाट, पेट्रोल त्या मानाने कमी पडू लागलं. रेस सोडताच सायलेन्सरमध्ये बारीक फटाके. एअर स्क्रू पाव फेरा आत घेतला आणि तेवढ्यावर भागवलं. परतीच्या चढावर तो पुन्हा बाहेर.

एक खोट अजून आहे. सिग्नल सुटल्यावर रेस पहिल्यांदा उघडताना क्षणभर गाडी काहीच बोलत नाही, मग पकडते. मिस्त्रींचं मत, स्लाइडचा काप मोठा पडतोय, लहान कापाची स्लाइड मिळाली तर बघू. तोवर दाभोळकर कॉर्नरला मागचे हॉर्न वाजवतात, आणि मी मनगट सावकाशच वळवतो.