पूर्वतयारी

पूर्वतयारी या गुणाचें मला लहानपणापासून मोठें आकर्षण आहे. गाडीच्या वेळेपूर्वीं तासभर स्टेशनवर जाऊन बसणाऱ्या मंडळींपैकीं मी एक. घरचीं माणसें त्यावरून माझी थट्टा करतात आणि मी ती मनांतून सुखानें ऐकून घेतों. महाविद्यालयांत इतिहास शिकवितांना हा गुण विद्यार्थ्यांच्या गळीं उतरविण्याची संधि मीं कधीं दवडली नाहीं. आणि त्यासाठीं माझा ठरलेला दाखला असे तो सर गार्नेट वुल्झलीनें अशांटी लोकांवर १८७३-७४ सालीं केलेल्या मोहिमेचा.

पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशाचा किनारा, त्या काळीं गोऱ्या माणसाचें स्मशान म्हणून कुप्रसिद्ध होता. शत्रूच्या गोळीपेक्षां तेथील तापाचीच धास्ती मोठी. वुल्झली ऑक्टोबर १८७३ मध्यें मोजके अधिकारी घेऊन केप कोस्टला उतरला. तेथून प्रा नदीपर्यंतची सुमारें ७० मैलांची वाट अरण्य तोडून तयार होऊं लागली. वाटेंत २०० हून अधिक पूल, मुक्कामाच्या जागीं झोपड्या, गाळलेल्या पाण्याची सोय. शिपायांचे लाल डगले जाऊन करडे कपडे आले. आपल्याकडे ‘घागरा पलटण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हायलँडरांनीं आपला घागराही बाजूस ठेवला. क्विनिनची मात्रा ठरलेली. डिसेंबरांत गोऱ्या पलटणी आल्या. पण व्यवस्था पुरी होईपर्यंत त्यांना जहाजांवरच ठेवण्यांत आलें. जानेवारी १८७४ मध्यें फौज उतरली, ४ फेब्रुवारीला ती अशांटींच्या राजधानींत, कुमासींत, शिरली आणि पावसाळ्याआधीं स्वदेशाच्या वाटेला लागली. हें सारें मी रंगवून सांगे आणि वर्ग तल्लीन होऊन ऐके.

एके वर्षीं मागल्या बांकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिनें विचारलें, “सर, एवढें सामान वाहिलें कोणीं?”

“हमालांनीं,” असें म्हणून मी पुढें गेलों. परंतु त्या एका शब्दांत आपण कांहींतरी दडपलें, हें मला तत्क्षणीं कळलें. रात्रीं तींच जुनीं पुस्तकें काढून, आजवर घाईनें उलटलेलीं पानें वाचलीं. सामान वाहिलें होतें किनाऱ्यावरच्या हजारों बायकापुरुषांनीं, डोक्यावरून. ओझें टाकून माणसें पळूं लागलीं, तेव्हां गांवांना वेढा घालून त्यांना धरून आणलें. या युद्धांत अशांटीही अगदींच निरपराध नव्हते; त्यांची फौज आधींच प्रा ओलांडून इंग्रजांच्या आश्रयाखालील मुलखांत उतरली होती. पण जानेवारींत राजा कोफी कारिकारीनें आपल्या कैदेंतील युरोपियन मिशनरी सोडून दिले, तरी फौजेचें पाऊल थांबलें नाहीं. ६ फेब्रुवारीला कुमासी जाळण्यांत आली, राजवाडा सुरुंगानें उडविला, आणि तहांत ५०,००० औंस सोन्याचा दंड लादला. लुटींतल्या सोन्यापैकीं कांहीं वस्तू २०२४ सालीं लंडनच्या संग्रहालयांतून कुमासीस परत आल्या. पण त्याही उसनवारीनें, मुदतीच्या करारावर.

आपल्या शिपायाला ताप येऊं नये म्हणून जो सेनापति इतका जपतो, त्याच्या दक्षतेला दोष कसा द्यावा? पण ती दक्षता कोणाच्या डोक्यावर ठेवून नेली आणि कोणाच्या दारीं नेऊन उतरविली, हें न विचारतां मीं ती पंचवीस वर्षें तरुण मुलांपुढें आदर्श म्हणून मांडली होती. पुढच्या तासाला मीं तोच धडा पहिल्यापासून पुन्हां घेतला. या वेळीं आरंभ केला तो ओझेंवाल्यांपासून.

स्टेशनवर मी अजूनही तासभर आधींच जातों. मात्र सामान उचलावयास पुढें येणारा माणूस तेथें माझ्याही आधीं केव्हांपासून उभा असेल, हा विचार हल्लीं मनांत आल्यावांचून राहत नाहीं.